आतली जोडी हिरवी

सकाळी पावणेआठ

ओटीच्या फळ्यावर आजची लिस्ट लागली आहे. रात्रीच्या रेसिडेंटने लिहिलेली, अक्षर किडामुंगीचं. पित्ताशय, मांडीचं हाड, थायरॉइड आणि सगळ्यांत शेवटी हर्निया. हर्नियाच्या नावापुढे लाल मार्करने चांदणी काढलेली. ही चांदणी कशाची, ते सफाईच्या मामांपासून चहा आणणाऱ्या पोरापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. मी ओल्या बोळ्याने ती पुसून टाकते. एचआयव्हीबद्दलचा कायदा २०१७ साली झाला, सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. कुणाचा रिपोर्ट असा चारचौघांत मांडायचा नसतो.

पण मला चांदणीचा राग येतो तो नुसत्या कायद्यामुळे नाही. चांदणी दिसली की सगळे दोन-दोन जोड्या ग्लोव्हज मागतात, डोळ्यांचे चष्मे शोधतात, सुई हातात न देता ट्रेमध्ये ठेवतात. एकदम शहाण्यासारखे वागतात. चांदणी नसली की त्याच हातांना एक जोडी पुरते. रिपोर्ट निगेटिव्ह म्हणजे रक्त निर्धोक, असं थोडंच आहे? लागण झाल्यावर सुरुवातीचा काही काळ तपासणीत काही सापडतच नाही. प्रत्येक पेशंटचं रक्त संसर्गाचंच आहे असं धरून काम करा, हे अमेरिकेच्या सीडीसीने १९८७ सालीच सांगून ठेवलं होतं. आमच्या फळ्यापर्यंत ते अजून पोचायचंय.

मोठे सर आत येतात.

“सर, हर्निया दुसरा घेऊ या का? माणूस संध्याकाळपर्यंत उपाशी राहील.”

“मध्ये ओटी धुवावी लागेल.”

“ती दर केसनंतर धुतोच की सर.”

सर माझ्याकडे बघतात, मग फळ्याकडे. “घ्या.”

सव्वाआठ

ग्लोव्हजच्या कपाटाची किल्ली ओटी इन्चार्ज म्हणून माझ्याकडे असते. हे कपाट खिडकीपासून लांब ठेवलंय, कारण रबराला ऊन आणि उष्णता सोसत नाही. पाकीट दिसायला नवं असतं, पण आतला ग्लोव्ह घालताना मनगटाशी टर्रकन फाटतो. पाकिटावर निर्जंतुक कसं केलंय ते छापलेलं असतं, कुठे ईटीओ, कुठे गॅमा. गॅमावाल्या खोक्यांवर एक ठिपका असतो, तो पिवळ्याचा लाल झालेला दिसला पाहिजे. नवीन मुलींना मी सांगते, ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्राचं आयसोमेड आहे, १९७४ पासून तिथे कोबाल्टच्या किरणांखाली असला माल निर्जंतुक होतो. अणूचं नाव काढलं की मुली जरा सावरून बसतात.

नंबरांकडे मात्र मी जातीने लक्ष देते. मोठे सर साडेसात, ऑर्थोचे सर आठ, गायनॅकच्या मॅडम साडेसहा. ग्लोव्ह सैल असला की बोटाच्या टोकाला चुणी राहते आणि नेमकी गाठ मारताना ती नीडल होल्डरच्या चिमटीत सापडते. घट्ट असला की तासाभरात अंगठ्याच्या बुडाशी रग लागते. दोन जोड्या घालताना तर प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. मोठे सर आत आठ आणि वर साडेसात घालतात, मॅडमना नेमकं उलटं बरं वाटतं. “दोन घातले की बोटाला काही कळत नाही हो सिस्टर,” ही तक्रार प्रत्येक नवा सर्जन करतो. काही दिवसांनी करेनासा होतो.

एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. पाकिटातून काढलेला कोरा ग्लोव्हसुद्धा गळका असू शकतो. कारखान्यात प्रत्येक लॉटमधले नमुने काढतात, एकेकात एक लिटर पाणी भरून टांगतात आणि कुठे थेंब येतोय का बघतात. सर्जिकल ग्लोव्हजना शंभराला दीड ही गळतीची मान्य पातळी आहे. शून्य नाही. म्हणजे कुणाची काहीही चूक नसताना, टाका पडायच्या आधीच, भोक असलेला एखादा ग्लोव्ह ट्रॉलीवर येणार, हे धरूनच चालायचं. दोन्ही थरांना एकाच जागी भोक असणं मात्र अवघड. दोन जोड्यांमागचं साधं गणित हेच.

आज कपाटात आतल्या हिरव्या जोड्यांचे तीन बॉक्स उरलेत. ते लांबणाऱ्या केसेसना, ऑर्थोला आणि सीझरला. बाकीच्यांना साध्याच दोन.

पावणेनऊ

वॉश. शिकाऊ मुलींपैकी एकीच्या हातात कालच्या हळदीकुंकवाच्या काचेच्या बांगड्या आहेत. तिला मी काही बोलत नाही, नुसतं हाताकडे बघते. ती मुकाट्याने बाहेर जाऊन काढून येते. नखं कापलेली, अंगठी नाही, हात कोपरापर्यंत मोकळे. पूर्वी दहा-दहा मिनिटं ब्रशने कातडी सोलवटेपर्यंत घासायचे. आता क्लोरहेक्झिडीनने दोन ते पाच मिनिटं पुरतात, ब्रश फक्त नखांपुरता.

“ग्लोव्हज घालायचेत तर एवढं धुवायचं कशाला?” हा प्रश्न दर बॅचला येतो. ग्लोव्हजच्या आत हात घामेजतो, उबदार होतो आणि उरलेले जंतू तिथे मजेत वाढतात. मग एक भोक पडलं की ते पेशंटच्या पोटात. भोकातून दोन्ही बाजूंनी ये-जा असते. पेशंटचं रक्त आत येतं, आपला घाम बाहेर जातो.

नऊ

पित्ताशय दुर्बिणीतून. चार छोटी छिद्रं, लांब दांड्यांची हत्यारं, हात पोटात जातच नाही. धोका तो सुरुवातीला ब्लेडचा आणि शेवटी त्वचेच्या टाक्यांचा. मला स्टुलावर टेकायला मिळतं.

सव्वादहा

हर्निया. माणूस पन्नाशीचा, शेजारच्या तालुक्यातला, हमालीचं काम. टेबलावर घेताना हळूच विचारतो, “सिस्टर, माझी केस शेवटी हाय म्हणालं होतं?” मी म्हणते, “तुमचा नंबर लवकर लागला.”

चांदणी पुसली तरी बातमी पुसली जात नाही. आज सगळ्यांना दोन जोड्या हव्यात. घ्या बापडे. ट्रॉलीवर मी किडनी ट्रे मधोमध ठेवते. ब्लेड असो, सुई असो, धारदार काहीही माझ्या हातातून सरांच्या हातात जात नाही. मी ट्रेमध्ये ठेवते, “ब्लेड” म्हणून मोठ्याने सांगते, ते उचलतात आणि वापरून झालं की ट्रेमध्येच ठेवतात. एका वेळी ट्रेमध्ये एकाचाच हात. यात वेळ जातो म्हणतात. मी घड्याळ लावून बघितलेलं नाही, पण त्या वेळात कुणाची केस लांबली असेल असं वाटत नाही. सुई परत येते ती नीडल होल्डरला लावलेली, टोक आत वळवलेलं. तुटलेला टाका काढायचा तर चिमट्याने, बोटांनी नाही.

पाऊण तासात जाळी बसते आणि माणूस बाहेर.

अकरा दहा

लेबर रूममधून फोन. बाळाचे ठोके घसरलेत, ताबडतोब सीझर. पेशंट ऊसतोडीच्या टोळीतली, पहाटे ट्रॅक्टरवर बसून आलेली. ग्रुप आणि हिमोग्लोबिन लावलंय, बाकीचे रिपोर्ट यायचेत. म्हणजे चांदणी आहे की नाही, हे कुणालाच माहीत नाही. मी कपाटातून हिरव्या जोड्या काढते.

सीझरमध्ये रक्त आणि गर्भजल एकदम येतं. गाऊनची बाही कोपरापर्यंत भिजते, हात मनगटाच्या वरपर्यंत आत असतो, ग्लोव्हचा कफ घसरला की तिथून पाणी शिरतं. म्हणून कफ गाऊनच्या बाहीवर नीट ओढून घ्यायचा, बाही बाहेर दिसता कामा नये. बाळ तीन-चार मिनिटांत बाहेर. रडतं. बालरोगच्या सरांकडे जातं. मग खरं हातांचं काम सुरू होतं.

हातांना धोका कापताना कमी, शिवताना जास्त. गर्भाशय शिवून होतं, पोटाचा पडदा, म्हणजे शीथ, शिवायला घेतात. जाड दोरा, मोठी वाकडी सुई. मॅडमच्या उजव्या हातात नीडल होल्डर, डाव्या हाताची तर्जनी शीथच्या खाली घातलेली, आतडं मध्ये येऊ नये म्हणून आणि सुईचं टोक कुठे निघतंय ते चाचपायला. सुई वरून येते, बोट खालून तिची वाट बघत असतं. ग्लोव्हला सगळ्यांत जास्त भोकं कुठे पडतात, असं जगात कुठेही विचारलं तर उत्तर हेच, उजवखोऱ्या सर्जनची डावी तर्जनी.

मॅडम टाका ओढतात आणि मी म्हणते, “मॅडम, डावी तर्जनी.”

त्या बोट दिव्याखाली धरतात. वरच्या फिकट ग्लोव्हमधून हरभऱ्याएवढा गडद हिरवा डाग दिसतोय, भिजलेल्या कागदातून खालची शाई उमटावी तसा. वरच्या थराला भोक पडलंय, तिथून ओल दोन थरांच्या मध्ये शिरली आणि आतला रंग वर आला. मॅडमना टोचल्याचं कळलेलं नव्हतं. नेहमीच असं असतं. टोचलं तर कळेलच की, असं सगळ्यांना वाटतं. पण ऑपरेशन झाल्यावर ग्लोव्हजमध्ये पाणी भरून बघितलं तर सापडलेली बहुतेक भोकं घालणाऱ्याच्या गावीही नसतात. साधा एकच ग्लोव्ह असता तर मॅडमनी पुढची वीस मिनिटं त्या बोटावर अनोळखी रक्त वागवलं असतं. नखाच्या कडेला कापलेलं असलं, हिवाळ्यात कातडी तडकलेली असली, तर एवढं पुरतं.

वरची जोडी बदलायला अर्धा मिनिट लागतं. आतलं बोट कोरडं आहे. भोक सगळ्याच ग्लोव्हजना कधी ना कधी पडतं. हिरवा ग्लोव्ह ते सांगतो. माझं त्याच्यावर प्रेम आहे ते यासाठी. चाचण्या एकत्र करून पाहणाऱ्या कॉक्रेनच्या आढाव्यांतही दोन जोड्यांचीच बाजू निघाली होती. दोन जोड्या घातल्या की आतल्या ग्लोव्हला भोक पडण्याचं प्रमाण एका जोडीच्या मानाने ७१ टक्क्यांनी उतरतं. शीथ शिवायला बोथट टोकाची सुई वापरली तर ग्लोव्हला भोक पडायचा धोका निम्म्याहून कमी होतो. बोथट सुई कातडीतून जात नाही, शीथमधून जाते. जोर थोडा जास्त लावावा लागतो, म्हणून सर्जन नाक मुरडतात. आमच्या स्टोअरमध्ये ती नाहीच, तेव्हा नाक मुरडायचा प्रश्न येत नाही.

साडेबारा

चहा. मुली विचारतात, ग्लोव्हज आले कुठून? ही गोष्ट मला सांगायला आवडते, कारण ती सिस्टरची आहे.

बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल, १८८९ चा हिवाळा. सर्जन विल्यम हॉल्स्टेड आणि त्यांच्या ओटीची सिस्टर कॅरोलिन हॅम्प्टन. तेव्हा जंतू मारायला मर्क्युरिक क्लोराइडचं पाणी वापरत, हात त्यात बुडवून काम. बाईंच्या हातांची आणि कोपरापर्यंतच्या कातडीची पार लक्तरं झाली, नोकरी सोडायची पाळी आली. हॉल्स्टेडने गुडइयर रबर कंपनीला पातळ रबराच्या दोन जोड्या करायला सांगितल्या. म्हणजे पहिला ग्लोव्ह पेशंटसाठी नव्हता, संसर्गासाठीही नव्हता. बाईंचे हात वाचावेत म्हणून होता. १८९० मध्ये दोघांचं लग्न झालं. (इथे मुली हसतात, दरवेळी.) पुढे हॉल्स्टेडचा शिष्य जोसेफ ब्लडगुड याने हर्नियाच्या केसेसमध्ये सर्जननेही ग्लोव्हज घालायचे अशी शिस्तच लावली, जखमा चिघळणं एकदम कमी झालं, आणि १८९९ साली त्याने ते छापलं. तिथून ग्लोव्ह पेशंटचा झाला. घालणाऱ्याच्या हातांची आठवण परत झाली ती एचआयव्ही आल्यावर; भारतात तो १९८६ साली चेन्नईत पहिल्यांदा सापडला.

मी नोकरीला लागले तेव्हा ग्लोव्हज फेकत नसत. केस झाली की मावशी ते साबणाने धुवायच्या, उलटे करून परत धुवायच्या, दोरीवर वाळत घालायच्या. वाळले की तपासणी. मनगटाकडून पीळ घालून हवा कोंडायची, बोटं फुगली की एकेक बोट गालाजवळ धरून दाबायचं. भोक असलं तर गालाला बारीक फुंकर लागायची. फाटक्याला आतून रबराचं ठिगळ, सोल्यूशन लावून. मग पावडर, मग कापडी पाकीट, मग ड्रममध्ये घालून ऑटोक्लेव्ह. ठिगळवाले तपासणीच्या कामाला, बिनठिगळाचे ऑपरेशनला. मुलींना हे खोटं वाटतं. मावशींच्या गालाला लागणारी फुंकर कुणाच्या पोटातून आलेल्या ग्लोव्हमधली असायची, हे तेव्हा आम्ही कुणीच मनात आणलं नाही.

एक वाजता

मांडीचं हाड. ट्रॉलीखाली आलेला पोरगा, वीस-बावीसचा. गळीत हंगाम सुरू झाला की आमच्याकडे अशी हाडं येतात.

ऑर्थो म्हणजे ग्लोव्हजचा काळ. ड्रिल, प्लेट, स्क्रू आणि तुटलेल्या हाडाची टोकं. काचेसारखी धार असते. सर बोटाने हाडाचं टोक चाचपायला जातात, कारण हाताला कळतं तेवढं डोळ्याला कळत नाही. इथे मी आत हिरवी, वर जाड जोडी देते. वरची जोडी दीड तासाने बदलायची आणि सिस्टरने आठवण करायची, असा आमचा नियम आहे. घड्याळ माझ्यासमोर असतं, सरांच्या पाठीमागे. दीड तास हा आकडा हवेतून काढलेला नाही. जर्मनीत वापरलेले ग्लोव्हज तपासून बघितले होते, जितका वेळ हातात तितकी भोकं जास्त, आणि दीड तासावर बदलावेत असं तपासणाऱ्यांनी सुचवलं. सर कधी वैतागतात, कधी गाणं गुणगुणत हात पुढे करतात.

पावणेदोनला रेसिडेंट “आई ग” म्हणतो.

के-वायर. हाड तात्पुरतं धरायला घातलेली, वर आलेलं टोक वाकवायचं राहिलेलं. रिट्रॅक्टर सरकवताना हात त्यावर आपटला. दोन्ही थर भेदून तळहाताला. दोन जोड्या सरळ घुसलेल्या तारेला अडवत नाहीत. फार तर तारेवरचं थोडं रक्त वाटेत पुसून घेतात, त्यामुळे आत जातं ते कमी. तेवढ्यावर समाधान मानायचं.

तो थांबायला तयार नाही. “चालेल सिस्टर, थोडंच आहे. पेशंटचा एचआयव्ही निगेटिव्ह आहे.”

“बाहेर,” ऑर्थोचे सर म्हणतात.

ग्लोव्हज काढून नळाखाली हात, साबण आणि भरपूर पाणी. बोट तोंडात घालायचं नाही. दाबून रक्त काढायचं नाही. त्यावर स्पिरिट किंवा ब्लीच ओतायचं नाही. या तिन्ही गोष्टी माणूस आपसूक करायला जातो. दुसरी सिस्टर आत स्क्रब होते आणि मी फाइल घेऊन त्याच्याजवळ येते.

“एचआयव्ही निगेटिव्ह आहे. खालची ओळ वाच.”

खाली एचबीएसएजी पॉझिटिव्ह. बी प्रकारची कावीळ. त्याचा चेहरा उतरतो, मग सावरतो. “माझे तीन डोस झालेत. फर्स्ट इयरलाच.”

“टायटर केलास?”

नाही केला. कुणीच करत नाही. डोस घेतले म्हणजे झालं, असं सगळे धरून चालतात. काहींच्या शरीरात तीन डोसनंतरही पुरेशी प्रतिकारशक्ती तयार होत नाही, आणि ते टायटरशिवाय, म्हणजे रक्तातली प्रतिपिंडं मोजल्याशिवाय, समजत नाही. पोराच्या डोक्यात एचआयव्ही, मामांच्या डोक्यात एचआयव्ही, फळ्यावरची चांदणीही एचआयव्हीची. खरं तर दूषित सुई टोचून एचआयव्ही लागण्याचा धोका हजारात तीन. सी काविळीचा शंभरात दोनच्या आसपास. बी काविळीचा, लस घेतलेली नसेल किंवा लागू पडली नसेल तर, शंभरात सहापासून तीसपर्यंत. सगळ्यांत जास्त लागते तिला चांदणी कुणी काढत नाही. बरं, या एकीवरच चांगली लस आहे. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस काढली तेव्हापासून ती खिशाला परवडतेही.

दोन वीस

कॅज्युअल्टीत नोंद. कधी, कुठे, कशाने, किती खोल, ग्लोव्हज होते का, किती जोड्या. रजिस्टरमध्ये याआधीची नोंद बरीच जुनी आहे. म्हणजे मधल्या काळात कुणाला टोचलं नाही असं नव्हे, कुणी लिहिलं नाही.

त्याचं रक्त घेतलं: एचआयव्ही, एचसीव्ही आणि टायटर. टायटर दहाच्या वर आला तर काही करायचं नाही. दहाच्या खाली आला तर इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन, शक्यतो चोवीस तासांच्या आत, आणि लसीचा डोस. पेशंट एचआयव्ही पॉझिटिव्ह असता तर गोळ्यांचा पहिला डोस दोन तासांत द्यायला बघितलं असतं, फार तर ७२ तासांत. मग २८ दिवस रोज. सकाळच्या हर्नियावाल्यासाठी तो स्टार्टर पॅक माझ्या टेबलाच्या खणात तयार होता. लागला नाही.

“घरी सांगू नका,” तो म्हणतो. मी कशाला सांगू.

तीन

डबा. मेथीची भाजी, भाकरी गार झालेली. हात बघण्यासारखे झालेत, बोटांची टोकं पाण्यात भिजवून ठेवल्यासारखी पांढरी, सुरकुतलेली. शेजारी बसलेल्या सिस्टरच्या मनगटावर लाल चट्टा आहे, लेटेक्सची ॲलर्जी. तिच्यासाठी बिनलेटेक्सच्या जोड्या वेगळ्या मागवाव्या लागतात. पावडरचाही त्रास असतो. ग्लोव्ह पटकन चढावा म्हणून आत मक्याचं पीठ घालतात, ते हवेत उडतं, जखमेत पडलं तर आत गाठी आणि चिकटे होतात. अमेरिकेने २०१७ च्या जानेवारीपासून पावडरचे ग्लोव्हज बंद केले. आमच्याकडे ते अजून येतात, स्वस्त पडतात म्हणून. मग काप द्यायच्या आधी सलाईनच्या वाडग्यात हात बुडवून मॉपने पुसायचे.

पावणेचार

थायरॉइड. शांत केस, बारीक काम, रक्तस्राव नावाला. मोठे सर गाठी मारतात ते बघत राहावं.

पाच

आता ज्यांच्या हातांबद्दल कुणी लिहीत नाही त्यांची वेळ. केस संपली, सर्जन ग्लोव्हज काढून बाहेर पडले, तरी रक्त ओटीतच असतं: हत्यारांवर, चादरींवर, फरशीवर. ग्लोव्हज लाल पिशवीत, सुया आणि ब्लेड पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात. २०१६ च्या नियमांत ते स्वच्छ लिहिलंय आणि भिंतीवर रंगीत तक्ताही आहे. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा, दाबून आणखी कोंबायचं नाही.

मावशी चादरींचा गठ्ठा उचलतात आणि “अगं बाई!” म्हणून सोडून देतात. गठ्ठ्यात वाकडी सुई. सीझरच्या वेळची असावी? नाही, सीझरचा सुयांचा काउंट मी स्वतः घेतला होता, पुरा होता. थायरॉइडच्या त्वचेच्या टाक्याची निघाली, काउंट झाल्यावर जास्तीची म्हणून काढलेली आणि कुणीतरी चादरीवर ठेवून विसरलेली. मावशींच्या हातात धुण्याचे जाड रबरी ग्लोव्हज होते, कोपरापर्यंतचे. सुई अडकली, आत गेली नाही. ते ग्लोव्हज घालायला मावशी आधी कुरकुरायच्या, घाम येतो, पकड येत नाही. आज बोट चार-चारदा उलटसुलट बघतात.

“मावशी, काविळीची लस घेतलीत का हो?”

“मला कोन देतंय, सिस्टर?”

साडेपाच

स्टोअर. इंडेंटचा कागद पुढे सरकवते. आतल्या हिरव्या जोड्या, साडेसहा ते आठ. बोथट सुया शीथसाठी. बिनपावडरचे. मावशी-मामांसाठी जाड ग्लोव्हज.

स्टोअरचे साहेब चष्म्यावरून बघतात. “केसेस तेवढ्याच आणि ग्लोव्हज दुप्पट? ऑडिटला काय सांगू?”

“प्रत्येक हाताला दोन सांगा.”

“आणि ह्या सुया? साध्या सुयांनी काय पोट शिवत नाहीत का?”

मी त्यांना इम्युनोग्लोब्युलिनच्या एका इंजेक्शनची किंमत विचारते. ती त्यांना माझ्यापेक्षा चांगली पाठ आहे. ते थोडा वेळ कॅल्क्युलेटर दाबतात, बोलत काही नाहीत. मग कागदावर लिहितात. हिरवे मंजूर, निम्मे. बिनपावडरचे पुढच्या टेंडरला. बोथट सुयांपुढे ‘नमुना मागवणे’. साडेसहा नंबर बाजारातच नाही, सात चालतील का? चालणार नाहीत, मी म्हणते. ते तेही लिहून घेतात.

सहा दहा

लॅबचा फोन. रेसिडेंटचा टायटर चार.

तो ऑर्थोच्या वॉर्डात राउंड घेतोय. मी चिठ्ठी घेऊन स्वतः जाते. इंजेक्शन आमच्या फ्रीजमध्ये नाही, स्टँडसमोरच्या मेडिकलमध्ये आहे. मामा बर्फाचा डबा घेऊन निघालेसुद्धा. रात्री आठच्या आत टोचून होईल, सोबत लसीचा डोस, मग महिन्याने, मग सहा महिन्यांनी, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी परत टायटर. तो सगळं मोबाइलमध्ये लिहून घेतो. मग विचारतो, “सिस्टर, बाकीच्यांचे टायटर केलेत का कधी?”

परत येऊन मी उद्याची लिस्ट बघते, तीन केसेस, एकीपुढे पुन्हा चांदणी, ती पुसते. त्याच जागी खाली लिहिते: ओटीतल्या सगळ्यांचे टायटर सोमवारपर्यंत. सर्जन, सिस्टर्स, मामा, मावशी. उपाशी यायची गरज नाही.